फोन ऐंशी हजारांचा, वेग २००० सालचा: डेटा काढताना या चुका टाळा

बेळगावात शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक रात्रभर चालते आणि उजाडलं की मंडळातल्या पोरांना एकच घाई असते: फोनमधलं शूटिंग लॅपटॉपवर काढायचं आणि एडिटरकडे द्यायचं. शंभर जीबीचा डेटा असेल तर पाऊण तास नुसतं बघत बसावं लागतं. मग केबल बदल, फोन रिस्टार्ट कर, लॅपटॉपला शिव्या घाल असे प्रकार सुरू होतात. कित्येकदा दोष त्यातल्या कशाचाच नसतो. फोनच्या पोर्टलाच वेग नसतो, आणि तो फोन महागातला असल्यामुळे त्याच्यावर संशय घ्यायचं कुणाच्या डोक्यातच येत नाही.

टाइप-सी आहे म्हणजे वेगवान आहे, असं धरून चालणं

टाइप-सी हा फक्त पोर्टचा आकार. आतली डेटाची वाट यूएसबी २.० ची असू शकते, आणि ते मानक एप्रिल २००० मधलं आहे. त्याचा कागदावरचा वेग सेकंदाला ४८० मेगाबिट. इथेच पहिला घोटाळा होतो, कारण आपण फाईल मोजतो बाइटमध्ये आणि कंपनी वेग सांगते बिटमध्ये. ८ ने भागा: ६० एमबी. त्यातला बराच भाग यूएसबीच्या स्वतःच्या देवाणघेवाणीत जातो आणि हातात सेकंदाला ३५ ते ४० एमबी पडतात. आजच्या महागड्या अँड्रॉइड फोनमधलं यूएफएस ४.० स्टोरेज मात्र सेकंदाला ४,००० एमबीच्या आसपास वाचू शकतं. विहीर तुडुंब भरलेली, आणि पाणी शेंदायला तांब्या.

कोणत्या फोनमध्ये काय आहे? आयफोन १५ भारतात ७९,९०० रुपयांना आला. त्याचं पोर्ट २.० चंच. १५ प्लस, १६, १६ प्लस, १७ आणि आयफोन एअर यांचंही तसंच. १५ प्रोपासून पुढच्या प्रो मॉडेलमध्ये सेकंदाला १० गिगाबिटचं पोर्ट आहे. वनप्लस ११ आणि नथिंग फोन २ यांनाही २.० च होतं, वनप्लस १२ ला ३.२ मिळालं. सॅमसंगच्या एस मालिकेत, उदाहरणार्थ एस २३ आणि एस २४ मध्ये, ५ गिगाबिट आहे, पण ए ५५ मध्ये पुन्हा २.०. म्हणजे किंमत बघून अंदाज बांधता येत नाही. स्वस्त आणि महाग मॉडेलमध्ये फरक दाखवायला कंपन्या काहीतरी हातचं राखून ठेवतात, आणि पोर्ट कापलं तर जाहिरातीत ते कुणाला दिसत नाही.

आकड्यांच्या नावांचाही गोंधळ आहे. यूएसबी ३.०, ३.१ जेन १ आणि ३.२ जेन १ ही तिन्ही एकाच ५ गिगाबिटची नावं. ३.१ जेन २ आणि ३.२ जेन २ म्हणजे १० गिगाबिट. फोन घ्यायच्या आधी कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलच्या तांत्रिक माहितीच्या पानावर यूएसबीची ओळ शोधा. तिथे २.० किंवा ४८० हा आकडा दिसला तर विषय संपला. नुसतं ‘टाइप-सी’ एवढंच लिहिलं असेल तर २.० धरून चला. खडेबाजारात असो की ऑनलाइन, विकणारा ‘फास्ट आहे’ म्हणतो तेव्हा तो चार्जिंगबद्दल बोलत असतो.

फोन २.० चा निघाला तर महागडी केबल घेऊन काहीही बदलत नाही. ते पैसे वाचवा आणि खालचा वायफायचा भाग वाचा.

चार्जिंगच्या केबलने डेटा काढणं

ही चूक ५ किंवा १० गिगाबिटचा फोन असलेल्यांची. टाइप-सीच्या पोर्टमध्ये २४ पिना असतात. यूएसबी २.० ला डेटासाठी तारांची एकच जोडी पुरते, ३.० आणि त्यापुढच्या वेगासाठी वेगळ्या जोड्या लागतात, आणि चार्जिंग केबलमध्ये त्या घातलेल्याच नसतात. त्यामुळे केबल जाड आहे, १०० वॉट लिहिलंय, कापडी वेष्टन आहे, यातल्या कशाचाही डेटाच्या वेगाशी संबंध नाही. आयफोन १५ प्रोसारख्या १,३४,९०० रुपयांना आलेल्या फोनच्या डब्यातसुद्धा जी केबल आली ती २.० चीच होती. पोर्ट १० गिगाबिटचं आणि सोबतची केबल त्याच्या विसाव्या हिश्श्याची, हा विनोद कंपनीने स्वतःच केलेला आहे.

केबल घेताना पाकिटावर ५ किंवा १० गिगाबिट असं स्पष्ट लिहिलेलं बघा. १० गिगाबिटसाठी लांबी १ मीटरच्या आतच ठेवा. दोन मीटरची लवचिक, बारीक केबल बहुतेक २.० ची असते. गाडीत किंवा बाजारात शंभर रुपयांना मिळणाऱ्या काही केबलमध्ये तर डेटाची जोडीच नसते. फोन चार्ज होतो, पण लॅपटॉपला तो दिसतच नाही. अशी केबल सापडली की तिच्यावर चिकटपट्टी लावून ‘फक्त चार्जिंग’ लिहून टाका, नाहीतर घरातलं दुसरं कुणीतरी पुन्हा तासभर तिच्यात घालवेल.

केबल तपासायची सोपी रीत: ५ जीबीची एकच मोठी व्हिडिओ फाईल घ्या, लॅपटॉपच्या एसएसडीवर कॉपी करा आणि घड्याळ लावा. सव्वादोन मिनिटांच्या आसपास लागली तर साखळीत कुठेतरी २.० आहे. अर्ध्या मिनिटाच्या आत झाली तर सगळं ठीक. मॅकवर सिस्टिम रिपोर्टमध्ये यूएसबीखाली जोडलेल्या फोनचा वेग लिहिलेला दिसतो. लिनक्सवर ‘lsusb -t’ ही आज्ञा दिली तर ४८० एम, ५००० एम किंवा १०००० एम असं उत्तर मिळतं.

फोन आणि केबल बरोबर, पण जोडलं चुकीच्या जागी

स्टुडिओतल्या डेस्कटॉपला सगळे समोरचं पोर्ट वापरतात, कारण वाकावं लागत नाही. जुन्या कॅबिनेटमध्ये ते बहुधा २.० चं असतं. मागे आत निळी पट्टी असलेलं पोर्ट वापरा. लॅपटॉपवर पोर्टाशेजारी ‘एसएस’ची खूण किंवा ५, १० असा आकडा शोधा. एचडीएमआयसकट मिळणाऱ्या स्वस्त हबमधली एक-दोन पोर्टं २.० चीच असतात, तेव्हा हब काढून फोन थेट लावून बघा.

एक बारीक गोष्ट. चौकोनी यूएसबी पिन हळूहळू आत सरकवली तर २.० च्या पिना आधी टेकतात आणि कधीकधी कॉम्प्युटर तेवढ्यावरच जोडणी पक्की करतो. वेग कमी वाटला तर पिन काढा आणि एका झटक्यात पूर्ण आत घाला.

दहा हजार फोटो एकदम ओढणं

अँड्रॉइड फोन विंडोजला पेनड्राईव्हसारखा जोडला जात नाही. मध्ये एमटीपी नावाचा व्यवहार असतो. तो प्रत्येक फाईलसाठी वेगळी विचारपूस करतो. म्हणून ५ जीबीचा एक व्हिडिओ सरसर जातो आणि तेवढ्याच जागेचे व्हॉट्सॲपचे फोटो रडत रडत जातात. अशा वेळी फोनमध्येच फोल्डरची झिप करा (सॅमसंगच्या माय फाइल्समध्ये ‘कॉम्प्रेस’ आहे), आणि एकच फाईल ओढा. फोटोंचा आकार झिपने कमी होत नाही, फक्त संख्या कमी होते; त्यामुळे फोनमध्ये तेवढीच मोकळी जागा लागते. फोन लॅपटॉपला लावल्यावर काहीच दिसत नसेल तर वरून नोटिफिकेशन ओढून यूएसबीची ओळ दाबा आणि चार्जिंगऐवजी ‘फाईल ट्रान्सफर’ निवडा.

‘कट’ कधीही वापरू नका. हेस्कॉमची लाईट नेमकी मधेच जाते, केबल हलते, आणि अर्धी फाईल इकडे ना तिकडे. कॉपी करा, दोन्हीकडे फाईलींची संख्या आणि एकूण आकार ताडून बघा, मग फोनमधलं पुसा.

आयफोनवाल्यांची वेगळीच तक्रार असते: विंडोजवर थोडे फोटो येतात आणि मग डिव्हाइस चालत नाही असा संदेश येऊन सगळं थांबतं. केबल फेकू नका. आयफोन प्रत्येक फोटो आणि व्हिडिओ पाठवता पाठवता जुन्या स्वरूपात बदलत असतो आणि त्यात तो अडखळतो. सेटिंग्जमध्ये फोटोज उघडा (नव्या आयओएसमध्ये आधी ‘ॲप्स’), अगदी तळाला ‘ट्रान्सफर टू मॅक ऑर पीसी’ दिसेल, तिथे ‘ऑटोमॅटिक’ काढून ‘कीप ओरिजिनल्स’ करा. मग मूळ फाईली येतात. विंडोजवर ते फोटो उघडले नाहीत तर मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधलं हीफ इमेज एक्स्टेन्शन फुकट मिळतं.

पेनड्राईव्हला विसरणं

पाकिटावर ३.२ लिहिलेला पेनड्राईव्ह वाचताना वेगवान असतो. लिहिताना पहिले एक-दोन जीबी भरभर घेतो आणि मग सेकंदाला १०–२० एमबीवर येऊन बसतो. त्याचा तात्पुरता साठा भरलेला असतो. साधी बाहेरची हार्डडिस्क सेकंदाला शंभर-सव्वाशे एमबी घेते. पोर्टेबल एसएसडी ४०० च्या पुढे जाते, पण फोनही तसा हवा.

लग्नाचा किंवा हरिपाठाचा सलग व्हिडिओ पेनड्राईव्हवर जातच नाही, जागा असूनही नाही म्हणतो? पेनड्राईव्ह फॅट ३२ मध्ये फॉरमॅट केलेला असणार. त्यात एक फाईल ४ जीबीपेक्षा मोठी मावत नाही. आयफोनवर ४के ३० फ्रेमचं शूटिंग मिनिटाला सुमारे १७० एमबी घेतं, ६० फ्रेमचं ४०० एमबी. म्हणजे २४ मिनिटांत किंवा दहाच मिनिटांत ही मर्यादा ओलांडली जाते. आतला डेटा आधी बाजूला काढून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा.

प्रो आयफोनवरून थेट एसएसडीवर प्रोरेस (एडिटिंगसाठीचा मोठ्या फाईलींचा व्हिडिओ प्रकार) शूट करणाऱ्यांनी तीन गोष्टी पाहाव्यात: केबल १० गिगाबिटची, डिस्कचा लिहिण्याचा वेग सेकंदाला किमान २२० एमबी, आणि डिस्कची विजेची भूक ४.५ वॉटच्या आत. पासवर्डने कुलूपबंद केलेली डिस्क चालत नाही.

२.० चा फोन असूनही केबललाच चिकटून राहणं

हे बऱ्याच जणांना उलटं वाटतं, पण चांगलं ५ गिगाहर्ट्झ वायफाय २.० च्या केबलला गाठतं आणि पुष्कळदा मागे टाकतं. फोन आणि राउटर जवळ असतील तर सेकंदाला ४० ते ६० एमबी मिळू शकतात. अटी मात्र पाळाव्या लागतात. राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन्ही बँडचा हवा, २.४ वर हाच वेग ५ ते ८ एमबीवर येतो. फोन आणि लॅपटॉप दोघेही वायफायवर असतील तर हवा वाटून जाते, म्हणून लॅपटॉप लॅन केबलने राउटरला जोडा. त्यातही राउटरचं लॅन पोर्ट गिगाबिटचं आहे ना ते बघा. स्वस्त राउटरला १०० मेगाबिटचं असतं आणि गाडी १२ एमबीवर अडते.

अँड्रॉइडवरून विंडोजला क्विक शेअर, आयफोनवरून मॅकला एअरड्रॉप, आणि कुठूनही कुठेही पाठवायला लोकलसेंड हे मोफत ॲप. यातला डेटा घरातल्या घरात फिरतो, नेट पॅक जळत नाही. खानापूरकडे पावसात फायबर तुटून दोन दिवस नेट नसलं तरी हे काम अडत नाही. लाईटच नसेल तर फोनचा हॉटस्पॉट लावा: अँड्रॉइडवर बँड ५ गिगाहर्ट्झ निवडा, आयफोनवर ‘मॅक्सिमाइझ कम्पॅटिबिलिटी’ बंद ठेवा, कारण ते चालू असलं की फोन २.४ वर येतो. अँड्रॉइडवर मोबाइल डेटा मात्र आधी बंद करा, नाहीतर लॅपटॉप संधी साधून अपडेट उतरवायला लागतो.

ब्लूटूथचा विचारही करू नका. १ जीबीला तासाच्या वर जातो. व्हॉट्सॲपवर पाठवायचंच असेल तर फोटो म्हणून न पाठवता ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे दर्जा उतरत नाही. एका फाईलची मर्यादा २ जीबी आहे.

पोर्टातला कचरा

आधी वेगवान असलेला फोन हळूहळू मंदावला तर केबल उलटी करून लावा. टाइप-सीत जास्त वेगाच्या पिनांचे दोन संच असतात आणि केबलच्या बाजूप्रमाणे त्यातला एक वापरला जातो. एका बाजूने वेग येतो आणि दुसऱ्या बाजूने येत नाही, असं झालं तर एका संचावर मळ आहे किंवा पिन वाकलीय. फोन बंद करा, उजेडात बघा, लाकडी टूथपिकने खिशातली लव हलक्या हाताने बाहेर ओढा. सुई किंवा सेफ्टी पिन घालू नका. आतली मधली जीभ तुटली तर नवं पोर्ट बसवावं लागतं.

पावसाळ्यात ओलाव्याचा इशारा आला तर फोन तोंड खाली करून हलके झटका आणि वाऱ्यावर ठेवा. तांदळात पुरू नका, त्याचे कण आत जातात. हेअर ड्रायरही नको. पोर्ट सुकेपर्यंत फाईल वायफायनेच काढा.