सावलीतल्या ओल्या बोळात आडोशाची झाडं जगत नव्हती: माझा अनुभव

नाशिकला आमच्या घराच्या उत्तरेला ४ फुटी बोळ आहे. ऊन जेमतेम तासभर, पावसाळ्यात काळ्या मातीत पाणी तुंबलेलं आणि समोर थेट शेजाऱ्यांची खिडकी. मेंदी खालून बोडकी झाली, बोगनवेल फुललीच नाही, कामिनी पिवळी पडून गेली. तीन पावसाळे गेले, फार जीव तुटला. कामिनी उपटली तर मुळं काळी, लिबलिबीत, मातीला आंबूस वास. खरं दुखणं सावलीपेक्षा पाण्याचं होतं.

मग एप्रिलमध्ये आधी गच्चीच्या पाइपाचं पाणी बोळाबाहेर वळवलं. कंपाउंडच्या कडेने विटांचा फूटभर उंच वाफा केला, तळाच्या विटांत फटी ठेवल्या. घराच्या भिंतीला माती टेकू दिली नाही. वाफ्यात भरलं २ भाग माती, १ भाग जाड वाळू, १ भाग शेणखत. जूनच्या पहिल्या सरींनंतर रॅफिस पाम (बांबूसारख्या बारीक खोडांचा, झुपक्याने वाढणारा पाम) २-२ फुटांवर लावले, मुळांचा गड्डा मातीच्या पातळीला ठेवून. हा पाम सावलीत खुशाल राहतो, पण वाढतो फार हळू. म्हणून ४ फुटी रोपंच घ्या. बोट खुपसून माती कोरडी लागली तरच पाणी. कायम ओल्या कोपऱ्यात अळू लावलं.

दुसरा पावसाळा सरला. एकही पाम दगावला नाही, खिडकी झाकली गेली.