आयर्न ऑक्साइडचे पोकळ गोळे आणि ०.२ मिलिग्रॅम

लिथियम बॅटरीच्या ऋण इलेक्ट्रोडसाठी हे पोकळ गोळे जमायला मला आठ महिने लागले. ग्लुकोजचं पाणी ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाब सोसणाऱ्या बंद भांड्यात, १८० अंशांना ठेवून कार्बनचे गोळे करायचे, त्यांवर लोहाचा थर बसवायचा, मग भट्टीत कार्बन जाळून टाकायचा. कृती पेपरांत मिळेल. भट्टी सावकाश तापवा, नाहीतर कवचं फुटतात, एवढंच सांगते. मी फसले ती पुढे, वजनकाट्यावर.

आमची इलेक्ट्रोडची चकती १२ मिलिमीटरची, खाली ९ मायक्रॉनची तांब्याची फॉइल. कोऱ्या फॉइलचं वजन ९.१ मिलिग्रॅम, हे मी सिनिअरच्या एक्सेलमधून उचललं. गोळ्यांच्या पावडरचा लेप दिलेली चकती भरली ९.८. म्हणजे लेप ०.७, त्यात ८० टक्के ऑक्साइड, ०.५६. तिसऱ्या सायकलला, म्हणजे चार्ज-डिस्चार्जच्या तिसऱ्या फेरीला, क्षमता आली ग्रॅममागे ११८० मिलिअँपिअर-तास! नेहमीच्या बॅटरीतल्या ग्राफाइटची सैद्धांतिक क्षमता ३७२, आयर्न ऑक्साइडची १००७. लॅबमध्ये पेढे वाटले. इलेक्ट्रोलाइटपासून, म्हणजे बॅटरीतल्या द्रावापासून, कणांवर जेलसारखा थर बसतो, त्याने क्षमता वाढते, असं वाचलं होतं. मीही तेच लिहून टाकलं.

पुढे एकदा त्याच रोलच्या दहा कोऱ्या चकत्या कापून एकेक तोलली. ८.९ पासून ९.३ पर्यंत! फॉइल ८.९ धरली की लेप होतो ०.९, ऑक्साइड ०.७२, आणि ११८० चे उरतात ९१८. फरक ०.२ मिलिग्रॅमचा, मिठाचे तीन-चार कण. सहा महिन्यांचा डेटा पुन्हा घ्यावा लागला. सरांनी वजन कधी विचारलंच नव्हतं.

म्हणून प्रत्येक रोलच्या, प्रत्येक पट्टीच्या कोऱ्या चकत्या स्वतः तोला. ०.०१ मिलिग्रॅमचा काटा नसेल तर ज्या विभागात असेल तिथे जाऊन हात जोडा. लेप दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅमच्या आसपास ठेवा. पोकळ पावडर फुगीर असते, जाड लेपाला भेगा पडतात, तरी चिकाटी सोडू नका. आणि एक्सेल पाठवणारा सिनिअर नको, काट्याशेजारी उभा राहणारा शोधा.

पहिल्याच सायकलला ३० टक्के क्षमता गेली तर मात्र घाबरू नका, ती सगळ्यांची जाते. पोकळ कणांचा पृष्ठभाग मोठा, त्यावर थर बसण्यात लिथियम खर्च होतं. तुमचा हात वाईट नाही.

स्लरी, म्हणजे लेपाचं ओलं मिश्रण, खलात जोर लावून घोटू नका. सुकलेला लेप जरासा खरवडून टीईएमखाली (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली) बघा. कडा गडद आणि मध्य फिकट दिसला, तर गोळे शाबूत आहेत.