डफ घेऊन गावोगाव फिरायचं ठरवलंय?

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात मी १६ वर्षं स्वतःची पदं रचून गातोय. नवी पोरं पहिलं हेच विचारतात, पोट भरतं का? वर्षभर नाही भरत. दिवाळी झाली की जत्रा सुरू होतात, अक्षय्य तृतीयेपर्यंत हात चालतो, पेरणीला सुपाऱ्या बंद. त्यातल्या त्यात आपल्याकडं शिवजयंतीचे पोवाडे तीनदा गायला मिळतात: १९ फेब्रुवारीला, फाल्गुन वद्य तृतीयेला आणि बेळगावच्या वैशाख शुद्ध द्वितीयेला. पावसाळ्यात शेत बघायचं आणि लिहायचं.

बिदागी ठरली की निम्मा विसार आधी घ्या. गाडीभाडं, ढोलकीवाला, झीलकरी (मागून साथीला गाणारे) यांचं भागवून उरेल तो आपला वाटा. झीलकऱ्याला पैशासाठी ताटकळत ठेवू नका. मागून 'जी जी' दमानं आली नाही तर पुढचा शाहीर कितीही तयारीचा असला तरी उघडा पडतो. रात्री १० नंतर लाउडस्पीकर बंद, म्हणून गण, म्हणजे सुरुवातीचं गणेशस्तवन, ७ वाजता सुरू झालाच पाहिजे.

खानापूरकडं दवात चामडं सैल पडतं. मंडपामागं उसाचं पाचट पेटवून डफ शेकायचा, सारखा फिरवत, तळहाताला सोसेल इतकाच. मधूनमधून टिचकी मारून ऐकायचं. मेलेला 'थप' जाऊन 'टण' उमटला की लगेच उचलायचा. घाई केली तर चामडं करपतं.

कानडी शिकाच. पोलीस ठाण्यात परवानगीचा अर्ज कानडीत दिला की काम लवकर होतं, हे झालंच. पण खरं कारण गाण्याचं आहे. सौंदत्तीच्या डोंगरावर मार्गशीर्ष पौर्णिमेला यल्लम्माच्या जोगत्यांचं चौंडकं, हे एका तारेचं चामड्याचं वाद्य, ऐका. काखेत दाबलेलं, तार ताणली की स्वर चढतो, सैल सोडली की घुमतो. त्या तारेवर मराठी पद संपतं तिथंच कानडी सुरू होतं. कानडीतली गीगी पदंही आपल्यासारखीच डफ-तुणतुण्यावर गातात. आपली 'जी जी', त्यांची 'गी गी'. त्या पदांच्या साथीला बसूनच मला ताल कळला.

आता जे मला कुणी सांगितलं नाही ते. संकेश्वरच्या बाजारात एका पानपट्टीवर माझंच ऊसतोडीचं पद वाजत होतं. थांबून ऐकलं, तर शेवटचं कडवं कापलेलं. आपल्या रिवाजाप्रमाणं नाममुद्रा, म्हणजे पदात गुंफलेलं रचणाऱ्याचं नाव, त्याच कडव्यात होती. पद ध्वनिमुद्रित करणाऱ्याशी माझा एका ओळीचाही करार नव्हता. त्या रात्री मी जेवलो नाही.

१९५७च्या कॉपीराइट कायद्यानं पद लिहिल्या क्षणी हक्क तुमचा होतो, हयातभर आणि पुढं ६० वर्षं. नोंदणी सक्तीची नाही, पण वाद झाला तर पुरावा म्हणून उपयोगी पडते. म्हणून वहीत तारीख घाला, करार वाचल्याशिवाय सही करू नका, गीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएस संस्थेचं सभासदत्व घ्या. आणि नाममुद्रा शेवटाला ठेवू नका. मी ती आता दुसऱ्याच कडव्यात यमकात गुंफतो. काढायला गेलं की पुढची ओळ तालात बसत नाही.