बेळगावकडचं थंडीतलं लग्न: तारीख कशी धरायची, मांडव कसा सजवायचा

पहिलं काम तारखेचं. तुळशीचं लग्न लागलं की आपल्याकडं लगीनसराई सुरू, पण मोकळे दिवस वाटतात तेवढे नसतात बघा, 16 डिसेंबरच्या आसपास धनुर्मास लागतो तो संक्रांतीपर्यंत आणि त्यात बरीच घरं अक्षता टाकत नाहीत, काहीजण पौष पण सोडतात, त्यामुळं सोयऱ्यांना, त्यातून ते कन्नड असले तर सुपारी फुटायच्या आधीच विचारून घ्या. गुरू-शुक्राचा अस्त भटजी सांगतील.

तारीख निघाली की लगेच कार्यालय धरायचं, पत्रिका नंतर. बहुतेक डिसेंबरात सुवर्णसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असतं, तेव्हा बेळगावात लॉजच्या खोल्या मिळायची मारामार. मार्गशीर्ष पौर्णिमेला सौंदत्तीला यल्लम्माची गर्दी. आणि उसाचा हंगाम विसरू नका, निपाणी-चिकोडीकडनं वऱ्हाड येणार असेल तर ट्रॉल्यांच्या मागं अडकायचा वेळ धरूनच गाडी काढा.

मग वेळ. माझं मत विचाराल तर अक्षता दुपारी साडेबाराच्या आत उरकाव्यात. गोरज मुहूर्त दिसायला झकास, पण सूर्य सहाच्या सुमाराला बुडतो, त्यानंतर लॉनवर गारठा आणि पंगत बसेपर्यंत भात थंडगार. संध्याकाळी रिसेप्शन पाहिजेच असेल तर हॉलमध्ये ठेवा, आणि बाहेरचे फोटो साडेचार ते साडेपाचच्या उन्हात काढून घ्या.

आता सजावट, इथं खरी मजा आहे. डेकोरेटर पांढरा कापूस नि खोटा बर्फ दाखवतील, कशाला पाहिजे ते, शिवार भरलेलं असतंय की! डिसेंबरचं लग्न असेल तर भाताच्या लोंब्यांची तोरणं करा, कापणी नुकतीच झालेली असते, खानापूरकडं कुणी पाव्हणे असतील तर सहज मिळतील. फेब्रुवारीत असेल तर शाळूची कणसं. मांडवाच्या खांबांना वाड्यासकट, म्हणजे शेंड्याच्या हिरव्या पाल्यासकट ऊस बांधा, पण तोडायचा आदल्या संध्याकाळी, चार दिवस आधी आणून ठेवलात तर पाला सुकून गुंडाळतो. पाल्याची धार साडीला नि गालाला लागते, म्हणून डोक्याच्या वरच बांधायला सांगा. मधल्या जागेत पिवळी-पांढरी शेवंती, तिचा हंगामच हा, झेंडू थोडा, आणि दाराशी केळीचे खुंट.

उघड्यावर मांडव असेल तर फुलं रात्री लावायची नाहीत. दहिवर पडतं, कापड भिजून माळांवर पाणी गळतं आणि सकाळी शेवंतीच्या पाकळ्या काळपट दिसतात. माळा रात्री आत गोणपाटाच्या ओल्या फडक्यात ठेवा, पहाटे लावायला दोन माणसं आधीच सांगून ठेवा.

हळद मात्र पहाटे नको, ऊन चढल्यावर नऊ-दहाला लावा आणि नवरीच्या आंघोळीचं गरम पाणी आचाऱ्याच्या चुलीवरच ठेवायला सांगा, कार्यालयातल्या गिझरवर पन्नास पाव्हणे नंबर लावून असतात.