पेपर टाकल्यानंतरचे नव्वद दिवस: मोठी आयटी कंपनी सोडताना या चुका टाळा

२०२२च्या जून तिमाहीत इन्फोसिसचा अ‍ॅट्रिशन, म्हणजे वर्षभरात कंपनी सोडणाऱ्यांचं प्रमाण, २८.४ टक्क्यांवर गेला होता. त्याच वर्षी सप्टेंबर तिमाहीत टीसीएसचा २१.५ होता. हिंजवडीत तेव्हा एकेकाच्या खिशात तीन-तीन ऑफर असायच्या आणि नोटिस पिरियडमध्ये चौथी शोधणं चालू असायचं. मार्च २०२४ येईपर्यंत दोन्ही आकडे साडेबाराच्या आसपास उतरले. त्या आर्थिक वर्षात इन्फोसिसमधली माणसं जवळपास २६ हजारांनी आणि टीसीएसमधली १३ हजारांनी कमी झाली. जुलै २०२५ला तर टीसीएसने बारा हजारांच्या वर लोक कमी करण्याचं जाहीर केलं. तरीही चांगलं काम मिळालं तर माणसं निघतातच.

कंपनी सोडावी की नाही, यावर मी कुणाला सल्ला देत नाही. या क्षेत्रात सोळा वर्षं काढली, चार कंपन्या बदलल्या, टीममधली पोरं 'दादा, जरा कॉफीला येता का?' म्हणाली की विषय काय आहे ते कळतं. निर्णय बहुतेकांचा बरोबर असतो. पैसे जातात आणि मनस्ताप होतो तो पेपर टाकल्यानंतरच्या, म्हणजे राजीनाम्यानंतरच्या नोटिस पिरियडच्या, नव्वद दिवसांत.

एचआरच्या फोनवर राजीनामा देणं

'तुमचं सिलेक्शन झालंय, लेटर दोन दिवसांत येईल' या वाक्यावर पेपर टाकणारे आजही भेटतात. लेटर हातात आलं तरी ते पूर्ण वाचा. 'सब्जेक्ट टू बीजीव्ही' (म्हणजे तुमच्या आधीच्या नोकऱ्यांची आणि कागदपत्रांची पडताळणी) किंवा 'सब्जेक्ट टू क्लायंट अ‍ॅप्रूव्हल' असं लिहिलेलं असेल, तर ती ऑफर अजून कच्ची आहे. बीजीव्ही आधी करून घ्या असं विचारता येतं, कुणी रागावत नाही. क्लायंटची मान्यता बाकी असेल तर मी थांबेन.

सीटीसीला भुलणं

कागदावर सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च, १८ लाख आहे असं धरू. त्यातले १.८ लाख व्हेरिएबल, म्हणजे कंपनीची आणि तुमची ग्रहदशा चांगली असेल तर. दीड लाख जॉइनिंग बोनस, तोही पहिल्याच वर्षी, आणि वर्षाच्या आत सोडलं तर परत. बेसिक ७.२ लाख असेल तर कंपनीच्या वाट्याचा पीएफ ८६,४०० रुपये आणि ४.८१ टक्क्यांनी धरलेली ग्रॅच्युइटी साधारण ३४,६०० रुपये, हेही त्याच १८ लाखांत. उरले साडेतेरा लाख. महिन्याला १ लाख १२ हजार. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ ७,२०० आणि व्यवसाय कर २०० वजा करा, मग आयकर. आता जुन्या कंपनीचं सॅलरी ब्रेकअप असंच फोडून शेजारी ठेवा. 'चाळीस टक्के हाइक' म्हणून पेढे वाटलेल्या एकाची इन हँड वाढ अशी मांडल्यावर अठरा टक्के निघाली होती. पेढे चितळ्यांचे होते, ते वाया गेले नाहीत.

नोटिस पिरियडचं कॅलेंडर न मांडणं

मोठ्या आयटी कंपन्यांत नोटिस बहुधा ९० दिवसांची असते. नवी कंपनी 'बायआउट करू', म्हणजे उरलेल्या नोटिसचे पैसे भरून सोडवू, म्हणते, जुनी 'क्लायंट सोडत नाही' म्हणते आणि पोर्टलवरचा एलडब्ल्यूडी (शेवटचा कामाचा दिवस) हलत नाही. बायआउटची रक्कम कोण भरणार, आधी भरणार की बिल दाखवल्यावर, आणि पगारात मिळाली तर तिच्यावर कर कुणाचा, हे ऑफर लेटरमध्ये किंवा निदान मेलवर घ्या. नोटिसमध्ये सुट्टी घेतली तर काही ठिकाणी तेवढे दिवस पुढे ढकलतात. गणपतीला गावी जायचं असेल तर आधी पॉलिसी वाचा.

याच कॅलेंडरवर ग्रॅच्युइटी बसवा. पाच वर्षं सलग सेवा झाली की शेवटचं मासिक वेतन (कायद्याच्या व्याख्येतलं, बेसिक धरून) गुणिले १५ भागिले २६ गुणिले वर्षं, हा हिशेब. ते वेतन ६० हजार असेल तर पाच वर्षांचे १ लाख ७३ हजार होतात. पाचव्या वर्षात २४० दिवस भरले तर ते वर्ष पूर्ण धरावं, असा मद्रास उच्च न्यायालयाचा निकाल आहे. काही कंपन्या तो मानतात, काही नाही. म्हणून एचआरला लेखी विचारा. नोटिसचे दिवस सेवेतच मोजले जातात. चार वर्षं दहा महिने झालेल्या माणसाने पेपर टाकला आणि नव्वद दिवस पूर्ण केले तर प्रश्नच मिटतो. पण तोच माणूस बायआउटच्या नादात वीस दिवसांत बाहेर पडतो, आणि नव्या कंपनीने दिलेला जॉइनिंग बोनस जुन्या ग्रॅच्युइटीच्या खड्ड्यात जातो.

आई-वडिलांचा विमा विसरणं

ही चूक माझी. शुक्रवारी एका कंपनीतून निघालो. नाव घेत नाही, त्यांचा यात दोषही नव्हता. नव्या ठिकाणी रुजू व्हायला अकरा दिवस होते, मुद्दाम ठेवले होते, कोकणात जायचं होतं. बुधवारी कराडहून भावाचा फोन आला: बाबांच्या छातीत दुखतंय, अँजिओप्लास्टी करावी लागणार. हॉस्पिटलच्या टीपीए (विम्याचे दावे हाताळणाऱ्या संस्थेच्या) काउंटरवरच्या मुलीने मी पाठवलेला कार्ड नंबर दोनदा टाकून पाहिला आणि भावाला म्हणाली, 'सर, पॉलिसी इनअ‍ॅक्टिव्ह दाखवतंय.' शुक्रवारी रात्रीच ती बंद झाली होती. त्या वर्षी आई-बाबांच्या कव्हरसाठी पगारातून वेगळा हप्ता कापला गेला होता, त्याचा मला फार भरवसा होता. भावाने एफडी मोडली. बाबा बरे झाले. मी भावाचे पैसे फेडत फेडत वर्ष काढलं, आणि कोकण राहिलंच.

ग्रुप पॉलिसी साधारणपणे शेवटच्या कामाच्या दिवशी संपते. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय असते, आणि वेटिंग पिरियडचे (जुने आजार कव्हर होण्याआधीच्या मुदतीचे) सरलेले दिवसही धरले जातात. पण तो अर्ज निघण्याच्या आधी करायचा असतो, आणि आई-वडिलांच्या तब्येतीवरून विमा कंपनी अटी घालू शकते. नवीन पॉलिसी घेतली तर आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. म्हणून नोकरी करतानाच आई-बाबांची स्वतंत्र पॉलिसी सुरू ठेवा, छोटी का असेना. नव्या कंपनीत पालक कव्हरमध्ये येतात का, पहिल्या दिवसापासून येतात का, हे पगाराइतक्याच जोरात विचारा. घरी बाळ येणार असेल तर मॅटर्निटीचंही विचारा.

पीएफ काढून मोकळं होणं

मोबाइलचा हप्ता, बुलेटचं डाउन पेमेंट, आणि पीएफ काढला. एकूण सेवा पाच वर्षांच्या आत असेल तर तो पैसा करपात्र होतो. ट्रान्स्फर केला तर आधीच्या कंपनीतली वर्षं जोडून मोजली जातात. यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) एकच ठेवा. जुन्या कंपनीने डेट ऑफ एग्झिट टाकली की नाही ते बघा. टाकली नसेल तर शेवटचं योगदान जमा होऊन दोन महिने झाल्यावर ती स्वतः टाकता येते. दोन कंपन्यांच्या तारखा एका दिवसाने जरी एकमेकींवर चढल्या तरी बीजीव्हीवाला प्रश्न विचारतो. २०२२मध्ये विप्रोने दुसरीकडे काम करताना सापडलेल्या ३०० जणांना काढल्यापासून हे लोक जास्तच डोळ्यांत तेल घालून बघतात.

वर्षाच्या मध्ये नोकरी बदलली तर जुना पगार आणि कापलेला टीडीएस नव्या कंपनीला कळवा. नाही तर दोघीही स्टँडर्ड डिडक्शन आणि खालचे स्लॅब देऊन बसतात, आणि रिटर्न भरताना पन्नास-साठ हजारांचा फटका बसतो.

बाँडला एक तर घाबरणं, नाही तर हसणं

एप्रिल २०२२मध्ये इन्फोसिसच्या ऑफर लेटरमधलं एक कलम गाजलं: सोडल्यावर सहा महिने, ज्या क्लायंटसाठी काम केलं त्याच क्लायंटचं काम ठरावीक स्पर्धक कंपन्यांकडून करायचं नाही. पुण्याच्या 'नाइट्स' या संघटनेने केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे तक्रार केली होती. भारतीय करार कायदा, १८७२च्या कलम २७ नुसार पेशाला किंवा धंद्याला अटकाव करणारा करार निरर्थक ठरतो, त्यामुळे नोकरी संपल्यानंतर अशी बंदी कोर्टात टिकवणं कंपनीला जड जातं. पण म्हणून सगळेच कागद कचरा नव्हेत. मे २०२५मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षं नोकरी किंवा दोन लाख रुपये, हा बाँड वैध धरला. गोपनीयतेचं कलम तर सोडल्यावरही लागू राहतं. स्वतः लिहिलेला कोडसुद्धा पेनड्राइव्हवर किंवा स्वतःच्या जीमेलवर घ्यायचा नाही.

काउंटर ऑफर

नव्वद दिवसांतल्या सत्तराव्या दिवशी मॅनेजर केबिनमध्ये बोलावतो आणि 'थांब, पगार वाढवून देतो' म्हणतो. पगार हेच कारण असेल तर आकडा लेखी मागा आणि मग विचार करा. कंटाळा, ऑनसाइट (परदेशात क्लायंटकडे जाऊन काम) किंवा तोच मॅनेजर हे कारण असेल तर चहा पिऊन बाहेर या.

शेवटच्या आठवड्यातली ढिलाई

'अबस्काँड' होऊ नका, म्हणजे न सांगता गायब होऊ नका. रिलीव्हिंग लेटर अडकलं की पुढच्या प्रत्येक बीजीव्हीत ते भूत उठतं. केटीची (काम दुसऱ्याला समजावून देण्याच्या बैठकांची) मिनिट्स मेलवर ठेवा. सगळ्या पेस्लिप, कराचे कागद, अप्रेझलची पत्रं आणि विम्याचं कार्ड आधीच उतरवून घ्या. एम्प्लॉयी पोर्टल बहुधा त्याच संध्याकाळी बंद होतं. पोर्टलवर आणि मेलखालच्या सहीत स्वतःचा वैयक्तिक ईमेल द्या. एफ अँड एफ (शेवटचा पूर्ण हिशेब) लांबला तर, २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या वेतन संहितेत राजीनाम्यानंतर दोन कामाच्या दिवसांत वेतन देण्याचं कलम आहे, ते मेलमध्ये लिहा. आणि लॅपटॉप जमा करताना पोचपावती घ्या, तीत चार्जरचा उल्लेख आहे का ते बघा. माझ्या एफ अँड एफमधून १,८०० रुपये कापले होते. चार्जर दोन महिन्यांनी घरच्या माळ्यावर सापडला.