मांडवीने दिवसाढवळ्या कोकणात: घरच्यांना घेऊन जाताना या चुका टाळा

मे महिन्यात किंवा गणपतीच्या आधी सकाळच्या मांडवी एक्सप्रेसच्या कुठल्याही स्लीपर डब्यात शिरा. ठाणं यायच्या आत एक तरी भांडण पेटलेलं असतं आणि विषयही ठरलेला: "खालचा बर्थ आमचा आहे, तुम्ही वर जा." सकाळी सात-साडेसातला! चादर अंथरून आजोबांना आडवं केलेलं, उशाशी पिशव्या, आणि मधल्या-वरच्या बर्थवाले चौघे पॅसेजमध्ये ताटकळत उभे.

सगळ्या चुकांचं मूळ इथंच आहे. दिवसाच्या गाडीचं तिकीट काढायचं आणि डोक्यात मात्र रात्रीच्या गाडीचं गणित ठेवायचं. आरक्षित डब्यात झोपायची वेळ रात्री १० ते सकाळी ६. बाकीच्या वेळात मधला बर्थ उघडता येत नाही आणि खालचा बर्थ हा तिघांचा बाक असतो. मांडवी मुंबईहून सकाळी ७.१० ला सुटते आणि मडगावला साधारण बारा तासांनी पोचते, म्हणजे या गाडीत तुम्ही बर्थ नाही, बाकावरची एक जागा विकत घेतलेली असते. दुपारी आजीला पाठ टेकायची असेल तर समोरच्यांना गोड बोलून विचारायचं. तो हक्क नव्हे.

हे कळलं की आरक्षणाची सगळी पद्धतच बदलते. जागेच्या नंबराला आठाने भागा. बाकी १ किंवा ४ उरली तर खालचा, २ किंवा ५ उरली तर मधला, ३ किंवा ६ उरली तर वरचा. बाकी ७ आली तर साइड लोअर, नि:शेष भाग गेला तर साइड अपर. दिवसाच्या प्रवासाला दोन म्हाताऱ्या माणसांसाठी सगळ्यात उत्तम जागा म्हणजे ही शेवटची जोडी, म्हणजे ७-८, १५-१६, २३-२४. साइड लोअरची मधली पाठ उभी केली की समोरासमोर दोन खुर्च्या होतात, दोघांनाही खिडकी मिळते, मध्ये तिसरा कुणी घुसत नाही. रात्री याच जागेला सगळे शिव्या घालतात, म्हणून दिवसाही कुणी मागत नाही. पसंती भरताना साइड लोअर टाका. मिळेलच असं नाही, पण बहुतेकांना तो पर्याय आहे हेच माहीत नसतं.

त्याच चुकीचं दुसरं तोंड म्हणजे आरएसी दिसलं की घाबरून तिकीट रद्द करणं. आरएसी म्हणजे साइड लोअरवर दोघांनी मिळून बसायचं. रात्री ती शिक्षाच असते, मान्य. पण दिवसा? दिवसा तशीही सगळ्यांना बसूनच जायचं असतं. दिवसाच्या गाडीतलं आरएसी म्हणजे बसण्यापुरतं पक्कं तिकीट, तेही खिडकीपाशी. वेटिंगची गोष्ट मात्र वेगळी. ऑनलाइन काढलेलं तिकीट चार्ट, म्हणजे जागावाटपाची यादी, लागल्यावरही पूर्ण वेटिंगमध्ये राहिलं तर ते आपोआप रद्द होतं. ते हातात घेऊन डब्यात चढणारा विनातिकीट प्रवासी धरला जातो. "टीसीला सांगून बघू" हा बेत मुलाबाळांसोबत करू नका.

वयाचा फायदाही लोक स्वतःच घालवतात. साठीपुढचे पुरुष आणि पंचेचाळीशीपुढच्या बायका यांच्यासाठी खालच्या बर्थचा वेगळा कोटा आहे, पण त्या तिकिटावर तशीच एक किंवा दोनच माणसं असली तरच. आजी-आजोबा, मुलगा, सून, दोन नातवंडं अशी सहा नावं एका तिकिटावर कोंबली की तो कोटा गेला. मग आजोबांना वरचा बर्थ आला म्हणून रेल्वेच्या नावानं बोटं मोडायची! परतीची गाडी रात्रीची असेल तर आजी-आजोबांचं तिकीट निराळं काढा. दिवसाच्या गाडीला मात्र सगळे एका तिकिटावर ठेवलेलेच बरे, कारण दिवसा वर-खाली कोण यापेक्षा सगळे एका कप्प्यात असणं जास्त मोलाचं.

आरक्षण ६० दिवस आधी सकाळी ८ ला उघडतं, त्यात प्रवासाचा दिवस धरत नाहीत. उघडतं त्या दिवशी आधार पडताळणी झालेल्या खात्यावरूनच ऑनलाइन तिकीट निघतं. ती पडताळणी आदल्या आठवड्यात उरका. आठ वाजून दोन मिनिटांनी ओटीपीची वाट बघत बसलात तर मे महिन्यातल्या शनिवारची गाडी मिळायची नाही.

मुलांचं तिकीट. पाच वर्षांखाली लागत नाही. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला अर्ध्या तिकिटात जागा मिळत नाही, जागा हवी तर पूर्ण भाडं. रात्री मूल आईच्या कुशीत झोपतं, म्हणून अर्धं चालतं. दिवसा आठ वर्षांचा मुलगा बारा तास कुणाच्या मांडीवर बसणार? पैसे वाचवल्याचा आनंद पनवेलपर्यंतच टिकतो. जनशताब्दीसारख्या बसायच्या डब्यांना अर्ध्या तिकिटाचा पर्यायच नसतो.

चढायचं स्टेशन बदलायचं असेल तर चार्ट लागायच्या आत बदला. सकाळच्या गाड्यांचा चार्ट आता आदल्या दिवशीच लागतो. तिकीट सीएसएमटीचं आणि चढणार ठाण्याला, असं परस्पर केलंत तर तुमची जागा दुसऱ्याला दिली जाऊ शकते. सामान जास्त असेल तर मुळात सीएसएमटीलाच या, तिथं गाडी फलाटावर आधीपासून उभी असते.

आता डबा. मांडवीत पॅन्ट्रीची माणसं सारखी फिरत असतात, त्यामुळे तीन वेळचं घरून नेण्याचा अट्टाहास सोडा. एका जेवणाचं न्या. दोन मुलं नि चार मोठे धरले तर अर्धा किलो कणकेच्या तीसेक तिखटमिठाच्या पुऱ्या एका वेळेला पुरतात. कणीक घट्ट भिजवा, मोहन घाला आणि तळल्यावर कापडावर पसरून पूर्ण गार होऊ द्या. पहाटेच्या घाईत गरम पुऱ्या डब्यात दाबल्या की त्यांची वाफ त्यांच्यातच मुरते आणि चिपळूण यायच्या आत त्या ओल्या चिंध्या होतात. मऊ हवं असेल तर दुधात भिजवलेल्या दशम्या करा. बटाट्याची सुकी भाजी बिनकांद्याची. ओल्या खोबऱ्याची चटणी मे महिन्यात दुपारपर्यंत आंबते, त्यापेक्षा लसणाची कोरडी चटणी बरी. सगळ्यांचं एका मोठ्या डब्यात नेण्याऐवजी माणशी एक पुडकं बांधा. बाकावर ताट ठेवायला जागा नसते, आणि डबा हातोहात फिरवला की भाजी सांडणार ती शेजारच्याच्याच पॅन्टवर.

पाणी सहा जणांना उन्हाळ्यात दहा लिटर लागतं. पाच घरून न्या, बाकीचं घ्या. रेल नीरची लिटरची बाटली १४ रुपयांना मिळते.

खिडकीची पत्र्याची झडप वर केली की दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या बसल्या का ते हाताने खाली ओढून बघा. एकच खिट्टी अडकलेली असेल तर झडप धक्क्याने खाली येते, आणि खाली लहान मुलाची बोटं असतात.

डोंगर आणि धबधबे बघायचेत तर मुंबईहून जाताना डावी बाजू. समुद्र दिसेल या आशेनं उजवी खिडकी भांडून घेऊ नका. उक्षी सोडलं की करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागतो. नवऱ्याला स्टेशनवर बोलावण्याचा फोन तिथं लागणार नाही, आधी करा. रत्नागिरीनंतर पानवल नदीवरचा ६४ मीटर उंचीचा पूल येतो, मुलांना तेव्हा जागं ठेवा.

वेळापत्रकावर विसंबून संध्याकाळची शेवटची एसटी धरायचा बेत करू नका. रोहा ते वीर सोडलं तर हा मार्ग बहुतेक एकेरी आहे, समोरून येणारी गाडी जाईपर्यंत आपली गाडी क्रॉसिंगला उभी राहते. एकदा उशीर झाला की पुढचं प्रत्येक क्रॉसिंग बिघडतं. पावसाळ्यात वेळापत्रकच वेगळं असतं, आणि मुसळधार पावसात वेग ताशी ४० वर येतो. हातात निदान दोन तास ठेवा. नावात 'रोड' दिसलं की गाव लांब समजा. राजापूर रोडला उतरून राजापूर पायी गाठता येत नाही, आणि अंधार पडल्यावर रिक्षा मिळवणं हे वेगळंच काम. आधी फोन करून ठरवा.

सगळ्यात महागात पडणारी चूक शेवटी, कारण ती घडतेही शेवटी. लहान स्टेशनांवर गाडी दोन-तीन मिनिटं थांबते. कुटुंब काय करतं? फलाट दिसला की उठतं. मग बाकाखालची बॅग ओढायची तर तिचं चाक साखळीत अडकलेलं, साखळीची किल्ली आईच्या पर्समध्ये, पर्स वरच्या बर्थवर, आणि आई मुलाला घेऊन बाथरूममध्ये. दारात चढणारे उभे. शेवटी बाबा अर्धं सामान घेऊन खाली आणि आजी आत, किंवा त्याहून वाईट, चालत्या गाडीतून मुलाला खाली द्यायचा प्रयत्न.

उतरायच्या वीस मिनिटं आधी साखळ्या सोडा, बाथरूम उरका, सामान दाराजवळ आणा. नग मोजा आणि तो आकडा मोठ्याने सगळ्यांना सांगा. फलाट कुठल्या बाजूला येईल ते आधी धरून चालू नका, क्रॉसिंगच्या स्टेशनांवर तो बदलतो, म्हणून दोन्ही दारांमधली वाट मोकळी ठेवा. गाडी पूर्ण थांबली की आधी एक धडधाकट माणूस खाली. मग आजी-आजोबा आणि मुलं, त्याने हात देऊन उतरवायची. सामान त्यानंतर, हातोहात. सामान राहिलं तर १३९ वर फोन करता येतो, माणूस राहिला तर पुढच्या स्टेशनापर्यंत सगळ्यांचे प्राण कंठाशी येतात. शेवटचा माणूस दाराकडे यायच्या आधी वाकून बाकाखाली बघेल. तिथं बहुतेक वेळा एक चप्पल आणि फोनचा चार्जर सापडतो.