४.८ असलं तरी ३.५ लागतंच

हार्डवेअरच्या कामाला नुकतेच लागला असाल, तर हा प्रसंग तुमच्यावर येणारच. माझे त्यात दोन दिवस गेले, ते अजून टोचतात.

अडत दुकानातलं जुनं बिलिंग सॉफ्टवेअर विंडोज ७ वरून नव्या विंडोज १० च्या मशीनवर आणलं. आयकॉनवर डबल क्लिक केलं की एकच खिडकी: आधी डॉटनेट फ्रेमवर्क २.०.५०७२७ टाका. डॉटनेट म्हणजे मायक्रोसॉफ्टचं पायाभूत सॉफ्टवेअर, असे प्रोग्राम त्याच्या आधारावर चालतात. बाहेर गाडी भरून उभी, मालक शेजारी आणि पावती निघेना.

मी डॉटनेट ४.८ उतरवलं. इन्स्टॉलर म्हणाला, आधीच आहे. रिस्टार्ट केलं, पुन्हा तीच खिडकी. पुन्हा उतरवलं, पुन्हा तेच.

नवी मुलं इथेच अडकतात, म्हणून फोड करून सांगतो. मोठा आकडा लहान आकड्याला पोटात घेतो असं आपण धरून चालतो. ३.५ च्या पोटात २.० आणि ३.० आहेत, हे खरं. पण ४.८ च्या पोटात ३.५ नाही. दोघांचे रनटाइम, म्हणजे प्रोग्राम प्रत्यक्ष चालवणारे भाग, वेगळे, एकाच मशीनवर शेजारी शेजारी राहणारे. २.० वर बांधलेला प्रोग्राम सहसा जुनाच रनटाइम मागतो. विंडोज ७ मध्ये तो चालू असायचा, विंडोज ८ पासून बंद असतो. बिघडलेलं काहीच नसतं, नुसतं बंद असतं!

कंट्रोल पॅनेलमधून 'टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ' उघडा. ३.५ ची ओळ पहिल्या काही ओळींतच दिसेल, तिची चौकट भरा. तिच्या आतल्या दोन डब्ल्यूसीएफ चौकटींना हात लावायची गरज नाही. जवळच ४.८ ची ओळ चालू दिसते, तिच्यावर विसंबू नका; मी विसंबलो होतो.

फाइली विंडोज अपडेटवरून येतात. नेट नसेल किंवा ०एक्स८००एफ०८१एफ हा एरर आला, तर त्याच आवृत्तीच्या विंडोजची आयएसओ (इन्स्टॉल डिस्कची एका फाइलमधली प्रत) माउंट करा, म्हणजे ड्राइव्हसारखी उघडा. ॲडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टमध्ये डिझमला (विंडोजची फीचर्स चालू-बंद करणारी कमांड) नेटएफएक्स३, म्हणजेच ३.५ चं फीचर चालू करायला सांगा आणि सोर्स म्हणून आयएसओमधल्या 'सोर्सेस' फोल्डरातला 'एसएक्सएस' द्या. आवृत्ती जुळली नाही तर तोच एरर परत येईल.

आमचे सिनियर म्हणाले होते, "फॉरमॅट मार." मी मारला. नव्या विंडोजमध्येही ३.५ बंदच होतं आणि एक दिवस फुकट गेला. प्रत्येक दुखण्यावर फॉरमॅट सांगणाऱ्याकडून काम शिकू नका. सुट्या डीएलएल (प्रोग्रामना लागणाऱ्या कोडच्या फाइली) वाटणाऱ्या साइटवरून फाइल आणून सिस्टम३२ मध्ये तर कधीच टाकू नका.

घाबरू मात्र नका. ३.५ चालू केल्याने जुन्या डेटाला धक्का लागत नाही. तरी सुरुवातीलाच डेटा फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या. मी फॉरमॅटआधी घेतला होता, म्हणून मालकांची दोन वर्षांची खाती वाचली.